मेल्या म्हणून फेकलेल्या पेशी

“हे बघा सगळ्यांनी,” देवस्थळी सर म्हणाले आणि त्यांनी माझा फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरला. “याला म्हणतात हाताला गुण नसणं.”

सोमवारची लॅब मीटिंग होती. लांब टेबलाभोवती आम्ही सगळे संशोधक विद्यार्थी, पुढ्यात चहाचे कप. फ्लास्क म्हणजे तळहाताएवढी चपटी प्लास्टिकची बाटली. आत गुलाबी द्रव आणि त्या द्रवात माझ्या पेशी भुसा पडल्यासारख्या तरंगत होत्या. चांगल्या पेशी अशा तरंगत नाहीत. त्या तळाला बसतात, शेजारच्या पेशीला घट्ट धरून, फरशी घातल्यासारख्या. माझ्या काही केल्या बसत नव्हत्या.

“सर, मी सगळं तुम्ही सांगितलं तसंच...”

“केलंस गं बाळ, मी कुठं नाही म्हणतोय? पण काही हातच असे असतात. एका बाईनं घातलेलं लोणचं वर्षभर टिकतं, दुसरीच्या बरणीला आठ दिवसांत बुरशी. आता याला काय करणार?”

सगळे हसले. मीही हसले, कारण सरांनी विनोद केला की हसायचं असतं. आतून मात्र नुसता भडका उडाला होता. दसऱ्याला लॅबमध्ये यंत्रांची पूजा झाली, तेव्हाही त्यांनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला होता. “तू नको फोडूस, तोही नासका निघायचा,” म्हणाले. तेव्हाही सगळे असेच हसले होते.

सर कधी ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान उलटून बोलता आलं असतं. ते सगळं गोड बोलूनच करायचे. आत्ताही त्यांनी फ्लास्क माझ्यापुढं ठेवला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “शुक्रवारी समिती येतेय. मी त्यांना सांगणार आहे, जयमालाचं रजिस्ट्रेशन इथंच थांबवू या. शिकवायला जा, बाळ. छान पेशा आहे. उगाच वर्षं वाया नको घालवूस.”

म्हणजे शुक्रवारी माझी पीएच.डी. संपणार होती, आणि तेही चहा संपायच्या आत ठरलं होतं.

माझं काम काय होतं ते सांगते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो. हा विषाणू पेशीत शिरतो आणि आपली प्रथिनं तिच्याकडूनच बनवून घेतो. त्यातल्या एका प्रथिनाचा जनुक चांगल्या पेशींत घालायचा आणि त्यांचं पुढं काय होतं ते बघायचं, एवढंच माझं काम. सरांचं नाव झालं होतं ते याच प्रथिनावर. हे प्रथिन वाढलं की पेशी मरतात, असा त्यांचा जुना पेपर होता. त्यावर त्यांना मानसन्मान मिळाले, मोठं अनुदान मिळालं, अख्खी लॅब त्यावर उभी होती.

आणि मला या कामात कुणी ढकललं नव्हतं. माझी आई याच आजारानं गेली. तासगावकडच्या द्राक्षबागांतून ती घड विरळायला जायची. आजार होता खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी, आणि गेली ती छातीनं, खोकून खोकून. मी तेव्हा अकरावीत. डॉक्टरांना विचारलं, खालचा आजार वर फुप्फुसात कसा गेला? ते म्हणाले, “पसरला.” अहो, पसरला ते मलाही दिसत होतं की! पण जागचा सुटला कसा? त्याला कुणी सोडलं? या एका प्रश्नापायी मी मिरजेच्या त्या संस्थेत येऊन बसले होते, आणि हा माणूस मला लोणच्याच्या बरण्या सांगत होता.

मीटिंग सुटल्यावर कँटीनमध्ये इम्रान मुजावर माझ्यासमोर येऊन बसला. तो मला सिनियर. पेशी वाढवाव्यात तर त्यानंच, असं सर सारखं म्हणायचे. ‘लॅबचा सोन्याचा हात.’

“माळीबाई, चहा गार होतोय.”

“होऊ दे. इम्रान, खरं सांग, माझा हात वाईट आहे?”

“तुझी जीभ वाईट आहे. हाताला काय धाड भरलीय?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “सुलभाचंही असंच झालं होतं.”

“ती कोण आणि?”

“सुलभा ऐवळे. तुझ्या आधी हेच काम तिच्याकडं होतं. तिच्याही पेशी अशाच तरंगायच्या. सर तिलाही हेच म्हणायचे, हाताला गुण नाही. गेली बिचारी सोडून. कवठेमहांकाळला कॉलेजात शिकवते आता.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “म्हणजे एकच जनुक, दोन पोरी आणि दोघींचेही हात वाईट? आणि हे तू मला दोन वर्षांनी आज सांगतोयस?”

“मला वाटलं, योगायोग असेल.”

“योगायोग! बरं, हे काम तिसऱ्या कुणी करून बघितलंय?”

“नाही.”

“मग तू कर. माझ्या पेशी तू वाढव. जनुक न घातलेल्या साध्या पेशी मला दे, त्या मी वाढवते. हात बदलू या. कळू दे एकदाचं, खोट हातात आहे का कशात ते.”

इम्राननं कपातला चहा उगाच हलवला. त्याला पुढं परदेशात जायचं होतं आणि सरांच्या शिफारशीशिवाय ते होणार नव्हतं. “सरांना कळलं तर माझं काय होईल, माहितीय ना?”

“माझं शुक्रवारी काय होणार, ते तुला माहितीय ना?”

“तू ना,” तो उठत म्हणाला, “बापाला भांडून नमवलेली पोरगी आहेस. चल.”

त्या दुपारी आम्ही पेशी वाटून घेतल्या. इनक्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या कपाटात, माझ्या त्याच्या कप्प्यात गेल्या, त्याच्या माझ्या कप्प्यात. मग माझा जुना, सगळ्यांना दाखवलेला फ्लास्क तेवढा हातात राहिला. लॅबचा नियम होता की तरंगतं ते मेलेलं. रोज सकाळी वरचा द्रव ओढून घ्यायचा, ब्लीचच्या बादलीत टाकायचा आणि नवा घालायचा. तांदूळ धुताना वर आलेला कोंडा आपण ओतून देतो, तितकं ते सवयीचं झालेलं असतं. मीही रोज तेच केलं होतं. त्या दिवशी मात्र बादलीवर नेलेला हात मी मागे घेतला. त्यात काही थोर विचार नव्हता, निव्वळ राग होता. हे म्हणतात मेल्या म्हणून मेल्या होय?

थेंबभर द्रव काचेवर घेतला आणि त्यात निळा रंग मिसळला. मेलेल्या पेशीचं आवरण फुटकं असतं, रंग आत शिरतो आणि ती निळी होते. जिवंत पेशी रंगाला दारातच अडवते. मायक्रोस्कोपला डोळा लावला. सगळ्या पांढऱ्या, गोल, टपोऱ्या. निळी एखादीच, तीही कोपऱ्यात.

मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. मग जाऊन दार लावून घेतलं आणि ते सगळं तरंगतं पाणी एका नव्या फ्लास्कमध्ये ओतलं. माझं नाव दिसलं तर कुणी टाकून देईल म्हणून खाली इम्रानचं नाव घातलं आणि फ्लास्क त्याच्या कप्प्यात मागे सारला.

बुधवारी इम्रान कल्चर रूममधून, पेशी वाढवायच्या खोलीतून, बाहेर आला तो तोंड पाडून.

“काय झालं?”

“माझाही हात गेला,” तो म्हणाला. “तुझ्या सगळ्या पेशी तरंगतायत. रात्रंदिवस जपल्या, तरी तरंगतायत. आणि तुझ्या हातातल्या साध्या पेशी बघ, काय मस्त बसल्यात.”

मला नाचावंसं वाटत होतं. त्याला ओढतच मी मायक्रोस्कोपपाशी नेलं आणि तिसरा फ्लास्क लावला, मेलेल्यांचा. त्या मेलेल्या पेशींनी घोळके केले होते. काही तर नव्या फ्लास्कच्या तळाला जाऊन चिकटल्या होत्या आणि तिथं वाढायला लागल्या होत्या.

इम्रान बराच वेळ बघत राहिला. “या अल्ला,” एवढंच म्हणाला.

आपल्या अंगातली साधी पेशी शेजाऱ्यांपासून सुटली, जागेवरून उखडली, की आपली आपण मरते. तसाच तिचा स्वभाव आहे आणि म्हणून आपण धडधाकट राहतो. आमच्याकडं घडातला मणी गळाला की तो मातीत कुजतो, तसं. पण गळालेला मणी उठून दुसऱ्याच्या बागेत गेला आणि तिथं वेल धरायला लागला तर? विषाणूच्या त्या प्रथिनानं हेच केलं होतं. पेशीपेशींनी एकमेकींना धरलेलं असतं, ते त्यानं सोडवलं. आणि सुटल्यावर मरायचं असतं, हे त्यांना विसरायला लावलं.

मी स्टुलावर बसले. आईचा खोकला मला त्या खोलीत ऐकू यायला लागला. जागचा सुटला कसा, या माझ्या प्रश्नाचं उत्तर इतके महिने मी रोज सकाळी माझ्या हातानं ब्लीचच्या बादलीत ओतत होते. आणि मी ओतत होते, कारण मला ओतायला शिकवलं होतं. मला रडूही आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदमच.

“सरांना सांगायला हवं,” मी म्हणाले.

“सांगायलाच हवं. समितीआधी गाईडला नाही दाखवलं तर समितीच तुझ्यावर चिडेल.”

ते खरंच होतं. आमच्याकडं तशी रीतच होती. निकाल कितीही तुमचा असो, आधी गाईडच्या पुढ्यात ठेवायचा, मग जगाच्या. म्हणून गुरुवारी सकाळी सर आल्या आल्या मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. इम्रानचं नाव तेवढं वगळलं. पेशी जिवंत आहेत, रंग घेत नाहीत, नव्या जागी जाऊन वाढतात. सर शांतपणे ऐकत होते. मग उठून त्यांनी माझी पाठ थोपटली.

“शाब्बास! बघ, जिद्दीनं केलंस की नाही? आता असं कर, उद्यापर्यंत कुणाशी बोलू नकोस. आधी मी नीट बघतो. आणि आज लॅबमध्ये थांबू नकोस. चेहरा किती उतरलाय तुझा! जा, विश्रांती घे.”

मला इतका आनंद झाला की काय सांगू! वाटलं, माणूस चुकतो आणि चूक कळली की पाठ थोपटतो. विश्रांती कसली घेतेय मी? सरळ एसटी धरली आणि कवठेमहांकाळ गाठलं. ज्या बाईला माझ्यासारखंच हसं करून घालवलं, तिला सांगायचं होतं की हात चांगला होता तुमचा.

सुलभाताईंचा प्रॅक्टिकलचा तास चालला होता. अकरावीची मुलं कांद्याची साल काचेवर पसरत होती. बारीक चणीच्या, करड्या साडीतल्या सुलभाताई हात मागे बांधून टेबलांमधून फिरत होत्या.

“मॅडम, माझी सारखी फाटतेय. तुम्ही एकदा करून दाखवा ना,” एक मुलगी म्हणाली.

“तूच कर. फाटली तर दुसरी घे,” त्या म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

तास संपल्यावर आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मी कोण, कुठून आले ते सांगितलं आणि मग एका दमात सगळंच सांगून टाकलं. “सुलभाताई, त्या पेशी मेलेल्या नव्हत्या हो! तुमच्याही जिवंतच असणार. तुमच्या हाताला काही झालं नव्हतं.”

मला वाटलं, त्या रडतील नाहीतर मिठी तरी मारतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

“सरांना सांगितलंस?”

“आज सकाळीच.”

“काय म्हणाले?”

“शाब्बास म्हणाले. उद्यापर्यंत कुणाशी बोलू नकोस म्हणाले, आणि...”

“आणि घरी जा, विश्रांती घे म्हणाले,” सुलभाताईंनी माझं वाक्य पुरं केलं.

“तुम्हाला कसं...”

“कारण मीही त्यांना दाखवलं होतं, जयमाला. हाच निळा रंग घालून, त्यांच्याच मायक्रोस्कोपवर. त्यांनी डोळा लावून कितीतरी वेळ बघितलं. मग दिवा बंद केला आणि मला घरी पाठवलं. मी पेढे घेऊन गेले गं घरी! दुसऱ्या दिवशी आले तर इनक्युबेटर रिकामा. म्हणाले, बुरशी आली होती, सगळं टाकावं लागलं. आणि त्यानंतर ते हाताचं सुरू झालं. आधी हसत हसत, मग सगळ्यांसमोर. शेवटी शेवटी मलाच खरं वाटायला लागलं. कधी कधी वाटतं, रंगच जुना असेल, मीच काहीतरी भलतं बघितलं असेल.”

“पण का? त्यांना काय मिळालं त्यात?”

“त्यांचा पेपर काय म्हणतो? पेशी मरतात. तरंगत्या सगळ्या मेलेल्या धरून मोजल्यात त्यांनी. तुझं खरं ठरलं तर त्यांचं काय राहतं?” त्या एकदम उठल्या. “इथं काय बसलीस? फोन कर कुणाला तरी! फ्लास्क कुठं आहेत तुझे?”

तोपर्यंत मला वाटत होतं, माणूस चुकलाय. चुकला नव्हता. त्याला सगळं माहीत होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवताना माहीत होतं, लोणच्याचे विनोद करताना माहीत होतं. ज्या आजारानं बायका मरतायत, तो जागचा कसा सुटतो हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि दिवा बंद केला होता. मी फोन लावला. दोनदा नंबर चुकला, मग इम्राननं उचलला.

“इम्रान, सर कुठं आहेत?”

“कल्चर रूममध्ये. इनक्युबेटर साफ करायचाय म्हणून सगळं बाहेर काढायला लागलेत. तुझा कप्पा रिकामा केला, आता...”

“तुझ्या कप्प्यात मागे तो तिसरा फ्लास्क आहे, तुझ्या नावाचा. तो काढ. आत्ता. काही विचारू नकोस, पळ!”

फोन तसाच चालू राहिला. दार उघडल्याचा आवाज आला. मग इम्रानचा आवाज, “सर, माझं सामान मीच काढतो ना, तुम्ही कशाला त्रास घेता?” आणि फोन बंद झाला.

मिरजेपर्यंत एसटीत मी उभीच होते, बसवतच नव्हतं. संस्थेच्या फाटकापासून लांब, पानाच्या टपरीमागं इम्रान उभा होता. जाकीट गळ्यापर्यंत बंद.

“वाचला?”

“वाचला. बाकीचे सगळे ब्लीचमध्ये गेले. माझेसुद्धा.” तो घामाघूम झाला होता. “पण उपयोग काय? उद्या सकाळपर्यंत इनक्युबेटरशिवाय कशा टिकणार? गार पडून मरतील.”

“इनक्युबेटरमध्ये किती अंश असतात?”

“सदतीस.”

“आणि माझ्या पोटापाशी?”

“तू वेडी आहेस.”

वेडी तर वेडी. हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं, ते मलाही कळत होतं. पण फ्लास्कचं झाकण घट्ट फिरवलं, ओढणीनं तो पोटाशी बांधला आणि वरून स्वेटर घातला. खोलीवर जाऊन उताणी पडून राहिले, कूस बदलली नाही. ज्यानं माझ्या आईला नेलं, ते मी माझ्या पोटाशी ऊब देऊन जपत होते. मनात म्हणत होते, बायांनो, एरवी जगू नका, पण उद्यापर्यंत जगा.

शुक्रवारी समिती बसली. तिघंजण होते आणि त्यात मुख्य होत्या बंगळूरहून आलेल्या डॉ. आपराद. पांढरे केस, कपाळावर आठी, बोलणं मोजकं. सरांनी सुरुवात केली आणि काय सांगू, त्यांचे डोळे पाणावले होते.

“मुलगी अतिशय कष्टाळू आहे, मॅडम. पण कल्चर हा हातगुणाचा विषय. सगळे फ्लास्क दूषित झाले, मला काल स्वतःच्या हातानं टाकावे लागले. दाखवायला तिच्याजवळ काही नाही. तिचंच नुकसान होतंय, म्हणून वाटतं की...”

“आहे,” मी म्हणाले.

उभी राहिले, सगळ्यांकडं पाठ केली, स्वेटरखालून गाठ सोडली आणि फ्लास्क टेबलावर ठेवला. कोमट होता. सरांच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं.

“हे काय आहे?” आपराद मॅडमनी विचारलं.

“पेशी, मॅडम. मेलेल्या.”

शेजारच्या खोलीतल्या मायक्रोस्कोपवर मॅडमनी स्वतः थेंब घेतला, नवी बाटली फोडून स्वतः रंग घातला. मी, दोन सदस्य, सर, सगळे मागे उभे. दारात इम्रान. मॅडमनी डोळा लावला आणि काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिल्या.

“या मेल्या, असं कोण म्हणालं?”

मग सर पुढं आले, वाकून त्यांनीही बघितलं, चष्मा पुसला आणि माझ्याकडं वळून खळखळून हसले.

“वा, जयमाला! काढलंस शोधून! मॅडम, हेच तर मी तिला शोधायला लावलं होतं. ही मुलगी चिडवल्याशिवाय कामाला लागत नाही, म्हणून जरा...”

आजही ते आठवलं की माझ्या अंगाची लाही होते. चोरी पकडली जावी आणि चोरानं म्हणावं, मी तुझी कुलपं तपासत होतो!

“खोटं आहे,” मी म्हणाले. आवाज इतका चढला की बाहेरची माणसं थबकली. “हे मी पहिल्यांदा शोधलेलं नाही आणि तुम्ही तर मुळीच नाही. हे सुलभानं शोधलं. तुम्हाला दाखवलं. तुम्ही तिच्या पेशी टाकल्या, तिला हसून हसून घालवलं आणि काल माझ्या टाकल्या!”

सरांनी भुवया उंचावल्या.

“कोण सुलभा?”

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. खोटं बोलत असते तर मला कळलं असतं, इतकं मी त्यांना ओळखत होते. पापणीसुद्धा हलली नाही. नाटक असेल तर उत्तम वठलं होतं. आणि नाटक नसेल, तर त्यांना खरोखरच ती आठवत नव्हती.

“सुलभा ऐवळे, सर,” दारातून इम्रान म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण तो म्हणाला. “माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची.”

“असेल, असेल,” सर म्हणाले. “इतक्या मुली येतात.”

आपराद मॅडमनी मायक्रोस्कोपचा दिवा चालूच ठेवला. “हिचं रजिस्ट्रेशन थांबणार नाही,” त्या म्हणाल्या. “गाईड बदलेल. माझ्याकडं येईल. आणि त्या मुलीचं नाव या कामावर लागेल. देवस्थळी, तुमच्या जुन्या पेपराबद्दल आपण वेगळं बोलू.”

ते वेगळं बोलणं किती झालं ते मला माहीत नाही. पुढं सर शाल-श्रीफळ घेऊन मानानं निवृत्त झाले. इम्रानला शिफारस मिळाली नाही. दोन वर्षं उशिरा, दुसऱ्याच्या शिफारशीवर तो गेला. आमचा पेपर निघाला आणि त्यावर सुलभाताईंचं नाव माझ्या नावाआधी आहे. पण ते सगळं पुढचं.

त्या दिवशी मी बाहेर पडले, फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले आणि सुलभाताईंना फोन लावला. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. मागे तासाची गडबड नव्हती. वर्गाबाहेर येऊन, फोन हातात धरूनच उभ्या असणार.

“काय झालं गं?”

“राहिले मी. पेशी जगल्या. मॅडमनी स्वतः बघितल्या.”

“आणि माझं काही...”

“तुमचं नाव घेतलं मी. सगळ्यांसमोर, सरांच्या तोंडावर.”

“मग सर काय म्हणाले?”

ते दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. रागानं तोंड कडू झालं होतं. त्या माणसानं त्यांचं काम घेतलं, हात घेतले, आणि नावसुद्धा लक्षात ठेवलं नव्हतं. हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

“गप्प बसले,” मी म्हणाले.

“गप्प बसले?”

“एक शब्द नाही. मान खाली घातली.”

मग त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकत होते.

“म्हणजे मी लक्षात आहे त्यांच्या,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हणाले. “चांगल्याच लक्षात आहात.”